भरल्या गाडीला जुंपलेला कॉम्प्युटर

नव्वदचं दशक सरत आलं होतं. माझ्या लेकीनं बांधकामाचा डिप्लोमा केला, आणि बारामतीचे एक इंजिनिअर तिला म्हणाले, "घरी कॉम्प्युटर घे, नकाशे काढायचं काम मी देतो." तिच्या वडलांनी मुदत दिली उसाच्या एका हंगामाची. तेवढ्यात काम जमलं तर बरं, नाहीतर आलेली स्थळं बघायची. आता सांगा, कॉम्प्युटरच चुकीचा आला असता तर पोरीनं काय करायचं? दुसरा घेण्याची आमची ऐपत नव्हती.

अंथुर्ण्याहून सकाळच्या एसटीनं आम्ही तिघं बारामतीला गेलो. दुकानात चपला बाहेर काढून जायचं, देवळासारखं. काचेच्या कपाटात एक घडी घालायचा कॉम्प्युटर होता, मांडीवर घेऊन काम करायचा. हे म्हणाले, "ह्यो बरा, बांधावर नेता येईल." किंमत ऐकली आणि हे पुढं सरकले. पुढं एका मोठ्या पडद्यावर रंगीत मासे पोहत होते, दोन्ही बाजूंच्या डब्यांतून गाणं वाजत होतं. हे तिथंच खिळले.

"ह्योच घ्यायचा. पडदा बघ केवढा हाय!"

लेक माझ्या कानाशी लागली, "आई, पडदा नको. रॅम जास्त पायजे."

"ती कुठं असती?"

"आत. दिसत न्हाय."

"मग तुझ्या आबाला दाखवायची कशी?"

तिनं मला समजावलं. हार्ड डिस्क म्हणजे पिठाचा डबा आणि रॅम म्हणजे परात. डबा कितीही मोठा असू दे, मळायचं परातीतच. पत्र टाइप करायला, कारखान्याच्या उसाचा हिशेब मांडायला लहान परात चालते. नकाशा म्हणजे मात्र जत्रेचा स्वयंपाक. मला लगेच पटलं. पण ह्यांना कणीक मळण्याचं काय कळणार! त्यांना त्यांच्यातलंच सांगायला हवं होतं.

"अहो, बाजारात बैल कसा बघून घेता?"

"भरल्या गाडीला जुंपायचा, चाकं दोरीनं बांधायची, आन् मग हाकायचा. वढला तर खरा."

"मग ह्याला बी जुंपा की!"

दुकानदार हसायला लागला. "मावशी, ह्याला कुठली गाडी जोडू?"

लेकीनं पिशवीतून फ्लॉपी काढली. इंजिनिअरांनी दिलेला तीनमजली इमारतीचा नकाशा होता तिच्यात. मासे गेले, पडद्यावर वाळूचं घड्याळ आलं. एकेक रेघ उमटायला लागली, आमचा चहा आला, पिऊन झाला. लेकीनं जिना मोठा करून बघायला घेतला, तशा सगळ्या रेघोट्या जागच्या जागी थिजल्या.

"बसला की!" हे म्हणाले. बैल बसला की म्हणतात ना, अगदी तसं.

दुकानदार काही रागावला नाही. "तात्या, मशीन चांगलं आहे, रॅम कमी पडतेय," म्हणाला. त्यानं कॉम्प्युटरचा डबा उघडून बोटभर लांबीची एक हिरवी पट्टी आत बसवली. पुन्हा तोच नकाशा लावला. या वेळी जिना मोठा झाला, फिरला, पायऱ्यासुद्धा मोजता आल्या. लेकीचं तोंड मी बघत होते. इतका वेळ आवळून धरलेले ओठ सुटले होते.

त्या पट्टीच्या पैशापायी मोठा पडदा गेला, गाण्याचे डबे गेले. "आन् गाणी?" ह्यांनी विचारलं.

"रेडिओ हाय न्हवं घरात!"

दुकानदारानं गावच्या विजेचं विचारलं. संध्याकाळी विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या की आमचा बल्ब पिवळा पडायचा. म्हणून त्यानं बॅटरीचा एक डबा घ्यायला लावला, वीज गेली तरी काम जपून ठेवण्यापुरता वेळ मिळावा म्हणून.

पहिला नकाशा इंजिनिअरांनी दोनदा परत पाठवला. लेक रडली, पुन्हा बसली. तिसऱ्यांदा ठेवून घेतला आणि पाठोपाठ दुसरा दिला. हंगाम संपता संपता कळसहून एक पाहुणे स्थळ घेऊन आले. मी आत चहा गाळत होते, कान बाहेर.

हे म्हणत होते, "पाव्हणं, यंदा न्हाय जमायचं. पोरीच्या हातात काम हाय."