फळ्यापाशी उभ्या राहिलेल्या बाई

पहिलीच्या बाईंना दुसरं नावच उरलं नव्हतं. लग्न होऊन आल्या तशा त्या पहिलीला शिकवत होत्या. नणंद आली की थट्टा करी, "वहिनी, लेक कॉलेजातून बाहेर पडली आणि तुम्ही अजून पहिलीतच?" बाई हसत आणि विषय बदलत. लागायचं मात्र बरोबर जागी.

त्या वर्षी वरून फर्मान आलं की शिक्षकांचा मान वाढवायचा आहे. ज्यानं त्यानं आपल्या एका पाठाचं चित्रीकरण पाठवायचं. परीक्षकांना पसंत पडलं की 'पारंगत शिक्षक' ही पदवी आणि वर्गाच्या दारावर तशी पाटी. संधी दोनदाच.

हेडसरांनी बाईंना खोलीत बोलावून घेतलं. "बाई, पुढच्या वर्षीपासून वर्ग पारंगतांनाच. बाकीचे मदतनीस."

"म्हणजे मी माझ्याच वर्गात मदतनीस?"

"तुमच्या नाही. ज्यांना देतील त्यांच्या." हेडसर माणूस वाईट नव्हता. टेबलाकडे बघत म्हणाले, "मी काय करू? मी तरी कुठे पारंगत आहे?"

वर्ग गेला तर त्यांच्याकडे उरत होतं काय?

बाईंची शिकवायची रीत साधी होती. फळ्यावर चार शब्द लिहायचे आणि मग मुलांमध्ये जाऊन बसायचं. पुस्तकातल्या शब्दाखाली बोट धरायचं. मूल अडलं की बोटही तिथंच थांबायचं, घाई नाही. गप्पू म्हणून एक मुलगी होती. कुणाशी बोलायची नाही, म्हणून मुलांनीच ते नाव पाडलेलं. आधी ती बाईंच्या कानात वाचायची. अलीकडे शेजारच्याला ऐकू जाईल इतपत आवाज फुटू लागला होता.

लेकीनं मोबाइलवर पाठ टिपला आणि पाठवून दिला. उत्तर आलं: "मुलं छान वाचतात. शिक्षक दिसत नाहीत."

लेकीला हसू आवरेना. "आई, खरंच गं, तू नाहीसच यात. एकदा अंबाडा दिसला तेवढाच."

"मग मी होते कुठे?"

"बाकांच्या आड. आता फळ्यापाशी उभं राहायचं. हललीस तर माझ्याशी गाठ आहे."

दुसऱ्या खेपेला बाई इस्त्रीचे कपडे घालून, हातात खडू घेऊन फळ्यापाशी उभ्या राहिल्या. घरी आरशासमोर म्हणून पाहिलेली वाक्यं न चुकता म्हणाल्या. "कोण वाचेल?" असं विचारलं आणि गप्पू उठली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. दोन शब्द तिनं सगळ्या वर्गाला ऐकू जातील असे वाचले. तिसऱ्याला अडली आणि पुस्तकातून मान वर काढून बाईंकडे बघू लागली.

बाईंचा पाय उचलला गेला. दाराशी मोबाइल धरलेल्या लेकीनं नुसती नकाराची मान हलवली. बाई तिथूनच म्हणाल्या, "हं, वाच की."

गप्पू बघतच राहिली. मग बाईंनी तिच्या शेजारच्या हुशार पोराला खूण केली. त्यानं तो शब्द खणखणीत वाचला.

"शाब्बास," बाई म्हणाल्या. गप्पू खाली बसली.

पदवी मिळाली. पाटी लागली. हेडसर दोन दिवस 'पारंगत बाई' म्हणाले, मग जीभ जुन्या वळणावर गेली. नणंदेनं विचारलं, "पगार वाढला का?"

"नाही."

"मग अडलं होतं कुणाचं?"

पाठ पाठवून झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी बाई गप्पूजवळ जाऊन बसल्या होत्या. शब्दाखाली बोट धरलं. गप्पूनं बोटाकडे पाहिलं आणि पुस्तक हळूच शेजारच्याकडे सरकवलं. तो म्हणाला, "बाई, तिला नाही येत. मी वाचू?"

"तू गप रे," बाई म्हणाल्या आणि पुस्तक पुन्हा तिच्यापुढे ठेवलं. ती खिडकीकडे बघत राहिली. नंतर रोज बाई तिच्याजवळ बसल्या. कधी समजावलं, कधी रागावल्या, एकदा तर तिच्या हाता-पाया पडल्यासारखं बोलल्या. गप्पू काही वाचेना. तिच्या आईला बोलावलं तर ती म्हणाली, "जाऊ द्या बाई, ती आहेच तशी. तुम्ही कशाला जिवाला लावून घेता?"

वर्ष संपलं. गप्पू न वाचताच दुसरीत गेली आणि पहिलीचा वर्ग बाईंकडेच राहिला.