भांग नाही हो, बाबा!

बाबांचा दमा तीन वर्षं एकदम शांत होता. मग माधव नगरमध्ये आमच्या घरामागच्या मकानात चार पोरं किरायानं आली, आणि महिन्याभरात बाबा उशांना टेकून बसल्या बसल्या झोपायला लागले.

वास यायचा ना! नेलपॉलिश रिमूव्हर आणि सडकी अंडी, दोन्ही एकदम. दिवसभर एग्जॉस्ट चालू, तोही आमच्याच खिडकीकडे तोंड करून. काचांवर आतून कागद चिकटवलेले. निळे ड्रम आत जायचे, पण कचरा? कचरागाडीत कध्धी नाही, स्कूटीवर लादून कुठेतरी लांब. एक दिवस आई म्हणाली, "चार पोरं आहेत आणि एकदाही कुकरची शिट्टी नाही. हे खातात काय?"

बस्स, माझी ट्यूबलाइट पेटली.

"बाबा, ते ड्रग्ज बनवताहेत!"

"काहीतरीच. भांग घोटत असतील."

"भांगेला एग्जॉस्ट लागतो?"

"संस्कारी मुलं आहेत गं. रोज 'प्रणाम अंकलजी' म्हणतात." एवढं बोलायला त्यांना दोनदा पंप ओढावा लागला.

उज्जैनचा हाच प्रॉब्लेम आहे यार. कुठल्याही नशेचं नाव काढा, लोक भांगेवर येऊन थांबतात, आणि भांग म्हणजे तर प्रसाद! मी पोलीस थान्यात फोन केला तर तिकडचे साहेबही हसले. "बिटिया, भांग तो सरकारी ठेके की दुकान पे मिलती है, घर में कौन बनाएगा?" इतका गुस्सा आला! मी सगळं धडाधड सांगितलं. ड्रम, वास, कागद, कुकरसुद्धा. हसणं बंद. "उधर झाँकने मत जाना बेटा. खिड़की बंद रखो. तुम्हारा नाम कहीं नहीं आएगा."

तिसऱ्या दिवशी दुपारी जीप आल्या, मास्कवाले आत घुसले. पंचनाम्याला साक्षीदार म्हणून नेमके बाबाच सापडले. लांब, गल्लीच्या तोंडाशी, जीपच्या बोनेटवर सही करताना त्यांना विचारलं, "अंकलजी, आप इनको जानते थे?"

बाबा खाली बघत म्हणाले, "सिर्फ प्रणाम तक."

त्या मकानातल्या केमिकलची सफाई होईपर्यंत आम्हाला नानाखेड्याला मावशीकडे पाठवलं. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर बाबा तिच्या दिवाणावर सपाट आडवे झाले. उशा नाहीत, पंप नाही. पाच मिनिटांत असे घोरायला लागले की मावशी म्हणाली, "ह्याची रिपोर्ट कुठे करायची गं?"

आईनं तिला गप्प केलं. "घोरू दे," म्हणाली.