राजाची जन्मवेळ

"तास नको, मिनिट सांगा!" असं म्हणून त्या मनगट उलटं करायच्या. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायची सवय नोकरीतली. तुम्ही 'मुलगा झाला' म्हणून पेढा पुढे केलात, तरी तो त्यांच्या हातात तसाच राहायचा आणि आधी प्रश्न यायचा, "किती वाजून किती?"

सरकारी नर्स म्हणून त्या आमच्या वालूरला आल्या आणि रिटायर झाल्यावरही इथेच राहिल्या. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. दारावर नावाची पाटी होती, पण ती कुणी वाचत नसे. सगळं गाव त्यांना सिस्टर म्हणायचं. मी त्यांचा शेजारी, शाळेत भूगोल शिकवणारा.

बाळंतिणीच्या घरच्यांना त्या जन्मवेळेची चिठ्ठी लिहून द्यायच्या. आसपासचे जोशी ती चिठ्ठी प्रमाण मानून पत्रिकेचं टिपण मांडायचे. "वेळ माझी आन् मान त्यांचा," असं म्हणत म्हणत सिस्टरांनी स्वतःच पंचांग हातात घेतलं, आणि हळूहळू जोश्यांपेक्षा जास्त माणसं त्यांच्या ओट्यावर दिसू लागली. असा एक ओटा तुमच्याही गल्लीत असेल.

त्या वर्षी अनंत चतुर्दशीच्या सकाळी मी गणपतीसाठी दूर्वा निवडत बसलो होतो. सिस्टर कुंपणावरून म्हणाल्या, "सर, इलायतची राणी गेली."

"हो, आत्ताच वाचलं."

"म्हणजे पोरगं राजा झालं की! त्याचं टिपण मांडायचंय. इलायतचे अक्षांश-रेखांश सांगा."

"सिस्टर, त्या राजाचं आपल्याला काय?"

"आजवर लेकरं जन्मलेली बघितली, सर. राजा जन्मलेला कुठं बघितलाय?"

मी नकाशा काढून आकडे दिले. पेपरात राणीच्या निधनाची बातमी किती वाजता जाहीर झाली तेही होतं. ते मी वाचून दाखवलं, पण त्यांनी हात झटकला.

"ती वेळ न्हाई चालत. जाहीर करणं म्हणजे बारसं. जन्म त्याच्या आधीच झाला. तिकडं गादी घडीभर रिकामी ऱ्हात न्हाई म्हणं. आईचा श्वास थांबला, का पोरगं राजा. तर तो श्वास कधी थांबला, ते पायजे." मग म्हणाल्या, "लय वंगाळ जन्म हाय वो. आई गेल्याबिगर होतच न्हाई."

काही आठवड्यांनी राणीच्या मृत्यूच्या दाखल्याची छोटीशी बातमी आली. त्यात वेळ होती, मिनिटासकट. सिस्टरांना इतका आनंद झाला की जणू आपल्याच दवाखान्यात बाळंतपण सुखरूप पार पडलं. तिकडची वेळ इकडच्या वेळेत कशी करायची, हे त्यांनी मला विचारलं. मी वर्गात सांगतो त्याच ठसक्यात सांगितलं, "साडेपाच तास मिळवा."

टिपण तयार झालं. दुपारी ओट्यावर बाया जमल्या आणि सिस्टर राजाचं भविष्य सांगू लागल्या.

"चंद्र आन् शनी एकाच घरात हायेत. चंद्र म्हणजे आई. शनी म्हणजे उशीर. लोक पेन्शन खाऊन खाऊन दमतेत, त्या वयात ह्याची नोकरी लागली. शनी देतोय, पण दात पडल्यावर चणे देतोय."

"आन् त्याच्या बायकोचं काय, सिस्टर?" एकीनं विचारलं.

"तिचं बरं हाय की. सासू ऱ्हायली न्हाई."

ओटा खो खो हसला. मग सिस्टरांनी राजाच्या लग्नरासेवरून त्याचा स्वभाव, त्याचं दुखणं-खुपणं, राज्यातली भांडणं, सगळं सांगितलं. लग्नरास म्हणजे त्या क्षणी पूर्वेला उगवत असलेली रास. ती साधारण दर दोन तासांनी बदलते, म्हणून तर सिस्टरांना मिनिटाचं एवढं वेड.

ही कीर्ती देवगाव फाट्यापर्यंत गेली. तिथला एक मोबाईल दुकानदार ॲपवर पत्रिका काढून द्यायचा. तो मोटारसायकलवरून आला आणि भर ओट्यावर म्हणाला, "सिस्टर, तुमचं लग्नच चुकलं!"

"माझं लग्न चुकलं का बरोबर, ते माझ्या मालकाला इचारावं लागंल, आन् ते तर गेले," सिस्टर म्हणाल्या.

तो दचकला, पण हटला नाही. म्हणाला, उन्हाळ्यात विलायतेत सगळी घड्याळं तासभर पुढे करतात, ती ऑक्टोबरअखेरपर्यंत. राणी गेली तेव्हा ती पुढेच होती. म्हणजे फरक साडेचार तासांचा, साडेपाचचा नव्हे. सगळ्या बाया माझ्याकडे बघू लागल्या. वीस वर्षं भूगोल शिकवून मी राजाची रास चुकवली होती.

मला वाटलं, आता सिस्टर मला सोडत नाहीत. त्यांनी मात्र टिपणाचा कागद उलटा करून ठेवला. दुकानदार गेला, बाया उठल्या, आणि मग त्यांना हसू फुटलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"सर, अख्खा देश घड्याळ तासभर सरकवतोय आन् खुशाल चहा पितोय. म्या धा-पंधरा मिनिटं सरकवली, तर इतकी वर्सं जिवाला खात बसले!"

"तुम्ही? कुठं सरकवली?"

"चिठ्ठीत. रजिस्टराला हात न्हाई लावला, तिथं खरीच वेळ. पण पोरगी जन्मली, वेळ दोन राशींच्या काठावर हाय आन् मंगळ वाईट घरात बसायलाय, असं दिसलं का चिठ्ठीत जरा हिकडं-तिकडं करायचे. पोरीचा काय गुन्हा?"

माझ्या बायकोचं बाळंतपणही त्यांनीच केलेलं. मी विचारलं, "आणि आमच्या मुलीची?"

"सर, चहा थंड व्हायलाय," असं म्हणून त्या आत गेल्या.

आता माझी पंचाईत ऐका. त्याच आठवड्यात मानवतच्या एका घराशी मुलीची बोलणी चालली होती. मुलगा तिला आवडला होता. अठ्ठावीस गुण जुळले होते, तेही त्याच चिठ्ठीवर. सांगावं तर ठरत आलेलं मोडेल, न सांगावं तर लबाडी. दोन दिवस मी ती चिठ्ठी काढायचो आणि परत ठेवायचो. शेवटी मुलीलाच सांगितलं. तिनं चप्पल घातली आणि सरळ शेजारी गेली. मी मागोमाग.

"सिस्टर, माझी खरी वेळ सांगा."

सिस्टर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"तू आलीस तवा रडलीच न्हाईस. निळी पडली व्हतीस. म्या तोंडाला तोंड लावून फुकायले. तुझी आई इचारायली, रडंना का वो, रडंना का? घड्याळ कोण बघतंय? मग तू रडलीस. तवा बघितलं. रजिस्टरात तू आल्याची वेळ हाय, अंदाजानं लिव्हलेली. चिठ्ठीत रडल्याची. दोन-तीन मिनिटांचा फरक. तुझ्या बाबतीत म्या मंगळ-बिंगळ काय बघितला न्हाई. तेवढं भान कुठं व्हतं?" मग तिच्याकडे बघत म्हणाल्या, "आता तूच सांग, खरी कोणची?"

हे मला कधीच कुणी सांगितलं नव्हतं, बायकोनंही नाही. मुलगी त्यांच्याशेजारी खाली बसली. मग म्हणाली, "रडल्याची."

"मग झालं तर," सिस्टर म्हणाल्या आणि सूप पुन्हा ओढलं.

मुलीनं सगळं त्या मुलाच्या कानावर घातलं. तो फोनवर हसतच सुटला. त्याच्या आईचं माहेर वालूर. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे त्याचीही चिठ्ठी सिस्टरांचीच! मुलीनं जाऊन विचारलं, तर सिस्टर पुटपुटल्या, "त्याची सरकवलीय. सासूला सांगू नको. पोरांनाबी मंगळ असतोय बाई."

लग्न झालं. संसार छान चालला आहे. सिस्टरांनी राजाचं टिपण नव्यानं मांडलं. लग्नरास बदलली, पण चंद्र-शनी होते तिथंच राहिले. "आईबिगर बसलाय गादीवर. बाकी काय का असंना, एवढं खरं," असं म्हणून त्यांनी कागदाची घडी घातली.

तो राजा अजून राज्य करतो आहे. सिस्टर मात्र गेल्या चैत्रात, दोन दिवसांच्या तापानं गेल्या. एक पुतण्या परभणीहून आला. तो एकटाच, म्हणून आम्हा शेजाऱ्यांना काळजी होती की खांद्याला माणसं पुरतील का. पण वालूरची, आसपासच्या वाड्यांची, ऊसतोडीवरून आदल्या दिवशीच परतलेली, अशी तिशी-पस्तिशीतली, घरात सिस्टरांची चिठ्ठी असलेली पोरं येत राहिली. मागून बायाही आल्या. त्यांना कुणी अडवलं नाही. तिरडी उचलली, पण पुढे चालायला वाट नव्हती. मग ती हातांवरून पुढच्या हातांवर, तिथून पुढच्या हातांवर सरकत गेली. मी आणि माझी मुलगी वेशीपाशी उभे होतो, आमच्याही हातांवरून ती पुढे गेली. स्मशानापर्यंत कुणालाच खांदा द्यावा लागला नाही.