वैजयंतीबाईंचं झाकण

प्राध्यापिका वैजयंती कोळी यांच्या प्रयोगशाळेत काहीही उघडं राहिलेलं खपत नसे. डबा असो, बाटली असो, नाहीतर लाखमोलाचं यंत्र, त्यावर झाकण हवंच. नवा विद्यार्थी आधी हसायचा, मग निमूट झाकणं लावू लागायचा. बाई दिवाळे गावच्या. खाडीची खारी हवा काय करते, हे त्यांनी घरातच पाहिलं होतं. लहानपणी वडिलांचा रेडिओ मुका झाला तेव्हा बाईंनीच तो उघडला, तर आत तांब्याच्या तारांवर हिरवा थर चढलेला. तारा घासून रेडिओ बोलता केला, आणि पोरगी या नादाला लागली ती लागलीच.

पुढे त्या बेलापूरजवळच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवू लागल्या. हवेतून आलेला क्षीण संदेश पकडून मोठा करणारी सर्किटं हा त्यांचा विषय. मोबाइल आले, वायफाय आलं, लहरींच्या कंपनांचा वेग वाढत गेला आणि बाईंची सर्किटं लहान होत गेली. सुरुवातीला तळहाताएवढी होती, ती शेवटी तिळाएवढी झाली.

निवृत्तीच्या वर्षी त्यांची शेवटची चिप परदेशातून बनून आली. सेकंदाला साठ अब्ज कंपनं झेलणारी. डिझाइन त्यांच्या विद्यार्थ्याचं, शौनकचं, पीएचडीसाठी केलेलं. ती पुन्हा बनवून घ्यायला ना निधी होता ना वेळ. चिप चालली नाही तर बाई घरी जाणार आणि बिचाऱ्या शौनकला नवा गाईड शोधून पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार.

नवी डबी करून घ्यायला तुर्भ्याच्या वर्कशॉपला खेपा नकोत, म्हणून बाईंनी चिप आधीच्या सर्किटांच्या जुन्याच धातूच्या डबीत बसवली. झाकण लावलं, वीज दिली. संदेश मोठा करायचा सोडून चिप स्वतःच कल्ला करू लागली. मोजणीच्या यंत्राच्या पडद्यावर नको तिथे उंच सुळका. सगळं तपासून झालं, तरी सुळका हलेना.

"डिझाइनच गंडलंय, मॅडम," शौनक म्हणाला आणि जेवणाला हात न लावता बसून राहिला. त्या डिझाइनला होकार बाईंनीच दिला होता.

शेवटी एक जोड नीट बघावा म्हणून शौनकने झाकण काढलं. वीज चालूच होती. सुळका गायब!

"अरे, झाकन लाव आधी!" बाई सवयीने ओरडल्या. झाकण लागलं, सुळका परत. काढलं, गेला.

बाईंना एकदम उलगडा झाला. एवढ्या वेगाने कंप पावणाऱ्या लहरींना बंद डबी म्हणजे रिकामी, घुमणारी खोली. चिपचाच निसटलेला आवाज आत घुमून तिच्याच कानात शिरत होता. हे तर त्या दरवर्षी फळ्यावर काढून शिकवत! पण जुन्या, संथ लहरींना झाकणाचं काही सोयरसुतक नव्हतं, त्यामुळे ही सवय आजवर कधी नडली नव्हती.

लहरी शोषून घेणारा काळा रबरी तुकडा त्यांनी झाकणाला आतून चिकटवला आणि झाकण घट्ट बसवलं. पडदा शांत. चिप अगदी गुणी निघाली.

शौनकने तिथूनच घरी फोन लावला. "आई, चिप एकदम ओके! डिझाइन बरोबर होतं. चूक मॅडमची होती!" बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

एरवी कुणी चूक काढलेली बाईंना मुळीच सोसत नसे. आज मात्र त्यांचा जीव भांड्यात पडला होता.

"जोरात सांग रे," डोळे पुसत त्या म्हणाल्या, "आईला नीट ऐकू गेलं पायजे."