माझ्या पायजम्याला मुंग्या लागल्या तेव्हा

आता माझी फजिती मीच सांगतो. दुसऱ्या कुणाकडून ऐकाल तर त्यात मीठ-मिरची लावलेली असेल. माझ्याकडच्यात नुसता गूळ आहे. आणि गुळानंच तर घात केला!

मी लोणावळ्यात चिक्कीच्या भट्टीवर म्हातारा झालो. शाळा चौथीत सुटली, मग आंदर मावळातलं गाव सुटलं, पण भट्टी काही सुटली नाही. आता कढई उचलवत नाही. तरी रोज सकाळी जातो आणि पाक बघतो. पाक बघतो म्हणजे काय? उकळत्या गुळाचा थेंब गार पाण्यात टाकायचा, बोटांनी उचलायचा आणि मोडायचा. कट्‌ वाजला की पाक झाला. मी "झाला" म्हणल्याशिवाय कढई उतरत नाही. शेठसुद्धा थांबतो. ह्या वयात दुसरं कोण थांबतं हो आपल्यासाठी? घरात टीव्हीवरची मालिकासुद्धा थांबत नाही.

सुनेचं, म्हणजे सुनीताचं, एकच पालुपद. "आबा, बास झाली आता भट्टी. घरी बसा."

"बसतो की," मी म्हणायचो, "मेल्यावर."

तर त्या दिवशी भट्टीवरून घरी निघालो होतो. तुंगार्लीच्या रस्त्याला एका हॉलात फुकट तपासणी लागलेली. आमची कारभारीण हौसा रांगेत आधीच उभी. फुकटाची रांग आणि आमची हौसा, कधी चुकामूक व्हायची नाही. मला बघितलं आणि बाहीला धरून आत ओढलं. "या, या. दोगांचं एकदम बघून टाकू."

आत एक नर्सबाई बसलेली. पोरगी गोड बोलायची. पण पहिलंच वाक्य काय? "आबा, आधी साबणानं हात धुऊन या बरं."

मला आला राग!

"का? मी काय गटार उपसून आलोय?"

"तसं नाही आबा. सगळ्यांनाच सांगतो आम्ही."

"सगळ्यांचं सगळ्यांपाशी. माजं हात चोख हायती."

असं म्हणून मी दोन्ही हात पायजम्याला खसाखसा पुसले आणि बोट तिच्या नाकापुढं धरलं. रांग मागून ओरडत होती. तिनं बिचारीनं कापसाचा बोळा फिरवला, सुई टोचली आणि थेंब त्या इवल्याशा यंत्राला पाजला. यंत्राकडं बघितलं आणि तिचा चेहराच उतरला.

"काय झालं?" मी विचारलं.

"आबा, हाय आलंय."

"काय हाय?"

"शुगर."

"शुगर हाय ते कळलं. किती हाय?"

"किती ते दाखवत नाही. हाय एवढंच दाखवतंय."

"अगं बाई, वाण्याकडं गूळ हाय म्हनला तर किती किलो हाय ते बी सांगतो तो! न्हाईतर तुजं यंत्र पाटलाच्या दारात बशीव, पाटील घरात हाय का न्हाई तेवडं सांगायला!"

रांगेत हशा पिकला. मला वाटलं, जिंकलो! तेवढ्यात मागचा एक शिकलेला माणूस म्हणाला, "आबा, आपलं हाय नाही ते. इंग्रजीतलं हाय. म्हणजे तुमची साखर इतकी वर गेलीय की यंत्राला मोजताच येत नाही."

"म्हंजी राजमाचीच्या किल्ल्यावर जाऊन बसली म्हना की!" हौसा बोलून गेली आणि मग तिचं तिलाच कळलं. तोंडावर पदरच घेतला तिनं.

"थट्टा नको आबा," नर्सबाई म्हणाली. "खरंच एवढी असेल तर आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडं जायला हवं. घरी कोण आहे? त्यांना बोलवा."

आता खरं सांगू? वरून मी फटकळ, पण आतून पार टरकलो होतो. माझा धाकटा भाऊ किसन गावाकडं असतो. त्याला साखर निघाली, त्यानं कानाडोळा केला, पायाला ठेच लागली, ती चिघळली, आणि अंगठा काढावा लागला. तो आता भिंत धरून चालतो. भट्टीवर उभं राहायला पाय लागतात हो! पाय गेले की मग ओसरी, वाटीतला भात आणि सुनीताचं "आबा, इथंच बसा." मला साखरेची भीती नव्हती. मला त्या "इथंच बसा"ची भीती होती.

घरी आलो, सुनीतानं रिक्षा बोलावली, ती येईपर्यंत दारातल्या ओट्यावर बसलो. हौसानं तेवढ्यात किसनला फोन लावला. का लावला? बायकांना आधी बातमी सांगावी लागते, मग दवाखाना.

किसन पलीकडून बोंबलला, "दादा! आधी पाय बग, पाय! मुंग्या येत्यात का?"

मी पायाकडं बघितलं.

"येत्यात."

"कुटवर आल्यात?"

"गुडघ्यावर. एक तर मांडीवर चढतीया. लाल हाय."

"लाल?" किसन आणखी जोरात ओरडला. "आरं, मी बधिरपनाच्या मुंग्या म्हनतोय!"

"मी खऱ्या म्हनतोय!"

अहो, खऱ्याच! रांगच्या रांग माझ्या पायजम्यावर! हौसानं बघितलं आणि जो हंबरडा फोडला, गल्ली गोळा झाली. "माज्या धन्याची साखर अंगाभाईर फुटली गं बाई! मुंग्या लागल्या गं जित्या मानसाला!"

शेजारची मावशी कारल्याचा रस घेऊन धावली. मी प्यालो. दुसरी मेथीचे दाणे घेऊन आली. चावले. तिसरीनं कडुलिंबाचा पाला कोंबला. एवढं कडू पोटात गेलं की यमसुद्धा मला तोंडात घेऊन थुंकला असता! आणि मी? मी सुनीताचा हात धरून म्हणालो, "पोरी, बोललो-चाललो ते पोटात घाल. माजी पितळी किटली भट्टीवरच्या बबनला दे. आनि माजा पाय कापू देऊ नगंस."

सुनीता रडायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्याशी गोड बोललो होतो, तिला वाटलं असणार म्हातारा आता नक्की जातोय.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. माझ्याकडं बघितलं. मग पायजम्याकडं. मग मुंग्यांकडं.

"आबा, काम काय करता?"

"चिक्कीचा पाक बघतो."

"कशानं बघता?"

मी बोट दाखवलं.

तेच बोट! नर्सबाईनं टोचलं होतं ते! डॉक्टरीणबाईंनी ते आपल्या बोटानं दाबून बघितलं, तर चिकटलं की हो! त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसले. "आबा, त्या यंत्रानं तुमचं रक्त नाही मोजलं. तुमचा गूळ मोजला!"

साबणानं हात धुवायला लावले. दोनदा. पुन्हा टोचलं.

"हाय गेलं का?" मी विचारलं.

"गेलं."

मी उठलोच. "चल गं हौसा! सुनीता, किटली कुणाला द्यायची न्हाई!"

"बसा," बाई म्हणाल्या. आता त्या हसत नव्हत्या. "हाय गेलं, पण जे आलंय तेही चांगलं नाही. वरचा गूळ धुतला गेला, आता उरली ती तुमची स्वतःची साखर. सकाळी उपाशीपोटी या, दंडातून रक्त घेऊ. मागच्या तीन महिन्यांत साखर कशी राहिली तेही त्यात कळतं. मग खात्रीनं सांगते."

गेलो. आणि निघाला की डायबेटीस! सुरुवात आहे, म्हणाल्या. पाय तपासले, शाबूत होते. गोळी घ्या, चाला, पायाला जखम होऊ देऊ नका, झाली तर लपवू नका.

"पण मी गोड खातच न्हाई!" मी भांडायला लागलो. "चा सुदिक बिनसाखरेचा! इचारा हिला."

"खरंय ते," सुनीता म्हणाली.

"आणि भट्टीवर?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"तितं मी खात न्हाई. चाखतो."

"काय?"

"पाक. नुसता मोडून भागत न्हाई. दाताखाली धरावा लागतो. दाताला चिकटला तर कच्चा."

"प्रत्येक कढईला?"

"मग? कामच हाय ते. कामाला कुनी खानं म्हनतं का?"

हौसानं कपाळाला हात लावला. मी आपला छताचा पंखा बघत बसलो.

"भट्टीवर जा," शेवटी बाई म्हणाल्या, "चालणं होतं, माणसं भेटतात. पण तोंडात काही टाकायचं नाही." सुनीता तोंड उघडणार होती, तिनं मिटलं. त्याबद्दल तिला शंभर गुन्हे माफ.

पण शेठचं काय होणार? मला झोप नाही. सकाळी भट्टीवर गेलो आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, "आजपासनं माजी जीभ बंद. पाकाचं कसं करायचं ते तुमी बगा. भट्टी बुडली तर मला बोल लावू नका."

बबन कारागिरानं शेठकडं बघितलं. शेठनं भट्टीकडं बघितलं.

"आबा, बसा जरा," शेठ म्हणाला. "पाक बबनच बघतो हो. तुम्ही थेंब उचलायच्या आधीच बघितलेला असतो. तुम्ही चाखून 'झाला' म्हणेपर्यंत आम्ही जाळ बारीक करून थांबतो, एवढंच."

"कदीपासनं?"

"बरीच वर्षं झाली, आबा."

म्हणजे बघा! मला वाटत होतं मी कारखाना चालवतोय. आणि ही सगळी माझा मान राखायला मला गूळ चारत होती!

रुसून घरी बसणार होतो. पण घरी बसलो असतो तर सुनीता जिंकली असती. म्हणून जातो. लांब स्टुलावर बसतो, हात साबणानं धुऊन. बबन थेंब मोडतो, मी कान देतो आणि तिथूनच हाळी देतो. परवा कट्‌ ऐकू आलं आणि मी दणक्यात ओरडलो, "झाला!"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. कढई कधीच उतरली होती. बाया खोक्यात चिक्की भरत होत्या, त्यातल्या एकीच्या हातून वडी मोडली होती, कट्‌ वाजलं ते तिचं.

बबन गंभीर तोंड करून म्हणाला, "व्हय आबा. झाला."