दुपारनंतरची विरळ वीण

आमच्या विणकरांच्या घरात एक वेळ चोर म्हटलेलं खपेल, पण आळशी म्हटलेलं खपायचं नाही. आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, नागपुरात, मी चौदा वर्षांची असताना, आम्ही आईला नेमकं तेच म्हणत होतो. बाबा गिरणीत लागल्यापासून घरचा हातमाग तीच चालवायची. सकाळी छान चालायचं. दुपार झाली की पापण्या खाली, हात गळालेले, बोलणं नाकातून. घास चावता चावता जबडा थांबायचा, मग ती हनुवटीला हात लावून तो हलवायची. आत्या म्हणायची, "कामाच्या टायमालेच बरी थकते हे!" मीही एकदा मागाजवळ उभी राहून म्हटलं, "आई, सोंग नको करू वं." हे लिहिताना आजही लाज वाटते.

डॉक्टरकडे नेलं नाही असं नाही. पण माग चालू असताना विणकराच्या घरातून कोण हलतं? लुगडी उतरवून बाबा गांधीबागेत व्यापाऱ्याकडे द्यायला जात, तेवढा एक दिवस माग रिकामा असायचा. बाहेरची सगळी कामं त्याच दिवशी. दवाखानासुद्धा, तोही सकाळीच. आई झोप काढून ताजीतवानी झालेली. डॉक्टरीणबाई डोळे बघायच्या, हात ओढून बघायच्या आणि टॉनिक लिहून द्यायच्या. तीन वेळा हेच झालं. दर वेळी आमचंच खरं ठरायचं आणि आईचा चेहरा पडायचा. मग एका संध्याकाळी पाणी पिताना तिला ठसका लागला, पाणी नाकातून बाहेर आलं, आणि मी घाबरले.

त्याच आठवड्यात व्यापाऱ्यानं एक लुगडं परत पाठवलं. वीण कुठं घट्ट, कुठं विरळ. बाबा तणतणले. मी ते दारात उजेडावर धरलं. घट्ट पट्टा, मग हळूहळू विरळ होत गेलेली वीण, मग एकदम पुन्हा घट्ट. प्रत्येक घट्ट पट्टा म्हणजे आईची एक सकाळ होती. आळशी बाई असा घड्याळ लावून आळस करत नाही.

लुगडं काखेत मारून मी एकटीच दवाखान्यात गेले. बाईंनी ते खिडकीशी नेलं, पट्ट्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "उद्या आईला तीन वाजेपर्यंत विणू दे. तशीच मागावरून उठवून घेऊन ये."

"चालता माग सोडून?" बाबा कुरकुरले. पण रिक्षा त्यांनीच आणली.

आईच्या पापण्या अर्ध्यावर आल्या होत्या. बाईंनी इंजेक्शन दिलं आणि आम्हाला बाकावर बसवून समजावलं. नसेच्या टोकातून एक रसायन सुटतं. ते स्नायूवरच्या बारीक दारांवर जाऊन बसलं की दारं उघडतात, क्षार आत शिरतात आणि स्नायू आवळतो. आईच्या शरीरातले पहारेकरी ती दारंच शत्रूची समजून मोडत होते. दारं कमी उरली की स्नायू लवकर दमतो. या औषधानं रसायन जास्त वेळ टिकतं आणि उरलेल्या दारांवर काम भागतं.

"मंग हा आळस नाही?" बाबांनी विचारलं.

"आजार आहे. गोळ्या घ्याव्या लागतील, पण विणतील त्या."

बाईंचा शब्द खरा ठरला. गोळ्यांच्या वेळा सांभाळून आई पुढं कितीतरी वर्षं विणत राहिली. पण त्या दुपारी आम्हाला ते कुठं ठाऊक? आम्ही नुसते तिच्या डोळ्यांकडे टक लावून बसलो होतो. थोड्या वेळानं पापण्या वर सरकू लागल्या. मग डोळे पूर्ण उघडले. आईनं सरळ माझ्याकडे पाहिलं.

"काहून रडून राहिली वं?" आवाज नाकातून नव्हता. "महिनाभरापासून रोज दुपारी मले तू दोन-दोन दिसत होती. आता एकच दिसून राहिली. बरं झालं. एकीचंच तोंड पुरे होतं मले."

बाबा मोठ्यानं हसले. मला हसू येईना. दोन-दोन दिसतं हे तिनं आम्हाला कधी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं, तर मी त्यालाही सोंगच म्हटलं असतं.