आबांची गाठ आणि आमची शिडाची होडी

मला पोहता येत नाही, म्हणून मी होडी घेतली. ज्याला पोहता येतं त्याला होडी लागतेच कशाला, असं माझं साधं म्हणणं होतं. ते घरात कोणालाच पटलं नाही, कारण मला पोहता येत नाही हे घरात कोणाला माहीतच नव्हतं.

त्याचं असं झालं. बायकोचं, म्हणजे सुमनचं माहेर तापीच्या काठावरचं. तिकडची लेकरं आधी पोहतात, मग चालतात. मुलगी बघायला गेलो तेव्हा सासऱ्यांनी शेती विचारली नाही, नोकरी विचारली नाही. विचारलं, "पोहता येतं का?" मी समोर बसलेल्या सुमनकडे पाहिलं आणि म्हणालो, "हो, चांगलं येतं." झालं लग्न. तेव्हापासून सव्वीस वर्षं सासुरवाडीला नदीवर जायची वेळ आली की मला सर्दी होते. (वैशाखातसुद्धा. सासऱ्यांनी मला दोनदा सुंठ दिली.)

आमची केळी आणि कापूस चोपड्याजवळ. होडी मिळाली धुळ्याला, शांतिलालजींकडे. त्यांचं कापडाचं दुकान. शेततळ्याकाठी हॉटेल काढायचं म्हणून त्यांनी कोकणातून पांढऱ्या शिडाची चार माणसांची होडी आणवली होती. तळ्याला पाणी लागलं नाही. होडी दुकानामागे उभी, तिच्यात साड्यांचे गठ्ठे. मी गेलो होतो भाचीच्या लग्नाचं कापड घ्यायला आणि परत आलो ते होडी घेऊन. शांतिलालजींनी निघताना एकच गोष्ट सांगितली.

"भाऊसाहेब, बाकी सब भूल जाव, एक ध्यानात ठेवा. भीती वाटली की शिडाची दोरी सोडून द्यायची. शीड मोकळं झालं की होडी आपोआप शांत होते."

"एवढंच?"

"एवढंच. पण सोडायची. धरून नाही बसायचं."

मी मान हलवली. भाड्याच्या ट्रॉलीवर होडी टाकून मी आणि ट्रॅक्टरवाला निघालो. वाटेत सोनगीरला चहाला थांबलो तर गर्दी जमली. एकाने विचारलं, तिकडे पूर आलाय का?

घरी आल्यावर माझे वडील, आबा, काठी टेकत बाहेर आले. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांनी होडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "नवं वाहन शे, नारळ फोडना पडी." मी नारळ आणेपर्यंत त्यांनी जागाही ठरवली होती, होडीचं नाक. ट्रॅक्टरच्या लोखंडावर नारळ फोडायची सवय. दणका दिला. नारळाला काही झालं नाही, होडीला तडा गेला. ठिबकच्या पाइपाला लावतो ते सोल्युशन मी त्या तड्यावर चोपडलं, पण त्या दिवसापासून माझी झोप उडाली.

पाण्यात जायचं मी संक्रांतीपर्यंत टाळलं. आधी कापूस वेचायचा होता, मग घड कापायचे होते, मग माझं पोट बिघडलं. शेवटी सुमनने एका रविवारी पहाटेच वांगी भाजली, भरीत केलं, कळण्याच्या भाकरी थापल्या, फडक्यात कांदे आणि सुरी बांधली आणि म्हणाली, "चला. आबासुद्धा येताहेत." आबा आधीच टोपी घालून ट्रॉलीत बसले होते.

तापीवरच्या बंधाऱ्याचं पाणी तेव्हा तुडुंब होतं. चौकीदार धनराजने आम्हाला अडवलं.

"मासे धरणार का?"

"नाही."

"वाळू काढणार?"

"नाही रे बाबा."

"मग पाण्यात जाताय कशाला?"

मी म्हणालो, "हवा खायला." त्याने एकदा होडीकडे आणि एकदा आबांकडे पाहिलं. मग म्हणाला, "भिंतीकडे जाऊ नका भाऊ, दोन दरवाजे उघडे आहेत. तिकडे ओढ आहे."

मी भिंत किती लांब आहे ते मोजून घेतलं. त्यात होडीबरोबर तरंगायची जाकिटं मिळाली होती फक्त दोन. एक आबांना घातलं. दुसरं सुमनपुढे धरलं. ती म्हणाली, "तुम्ही घाला की." आता काय सांगणार? मी हसून म्हणालो, "मला कशाला? मला तर पोहता येतं." तिने माझ्याकडे एक क्षण पाहिलं, जाकीट घातलं नाही, त्याची घडी करून त्यावर बसली. म्हणाली फळी टोचते. जे जाकीट मला हवं होतं त्यावर माझी बायको बसली होती.

पहिला पाव तास मात्र फार छान गेला, खोटं कशाला बोलू. शीड भरलं, होडी अशी काही सरकू लागली की ना इंजिन, ना धूर, ना आवाज. लांब सातपुडा निळा दिसत होता. सुमनने पाण्यात हात सोडला होता आणि लग्नाआधी गायची तसलं काहीतरी गुणगुणत होती. आबा पुढे बसून काठावरच्या प्रत्येक शेताची केळी कशी आहे ते सांगत होते. मला वाटलं, आपण उगाच भ्यालो.

तेवढ्यात वारा फिरला.

आता आम्हा केळीवाल्यांचं एक सांगतो. वारा म्हणजे आमचा वैरी. आयुष्यभर आम्ही एकच शिकलो, वारा सुटला की बांधायचं. झाडाला झाड बांधायचं, घडाला टेकू लावायचा, दोरी ताणायची, गाठ मारायची. आणि गाठ आबांची. पंचक्रोशीत नाव आहे तिचं. वादळात झाड मधून मोडेल, पण आबांनी मारलेली गाठ सुटलेली कोणी पाहिली नाही. ती मी दहाव्या वर्षी शिकलो. पोहायला मात्र मला कोणी शिकवलं नाही.

पाण्यावरून वाऱ्याचा काळा पट्टा आमच्याकडे येताना दिसला. आबा ओरडले, "वारा उना रे, बांध!"

आणि मी बांधलं. शांतिलालजी आठवले नाहीत, काही आठवलं नाही. शिडाची दोरी होती नव्हती तेवढ्या ताकदीने ओढली, कडीत घातली आणि आबांची गाठ मारली. होडी एका बाजूला कलंडली.

"आखो घट्ट बांध!" आबा.

मी अजून ताणलं, आणखी एक गाठ मारली. होडी आणखी कलंडली आणि सुसाट सुटली. भरिताचं पातेलं घसरत माझ्या पायाशी आलं. पाणी कडेवरून आत येऊ लागलं. मी वर पाहिलं तर समोर भिंत. त्यावर धनराज दोन्ही हातांनी टॉवेल हलवत होता. मी पण हात हलवला. मग लक्षात आलं, तो काही रामराम करत नव्हता.

तेव्हा कुठे शांतिलालजींचं बोलणं डोक्यात शिरलं. दोरी सोडायची. मी गाठीवर तुटून पडलो. नखं लावली, दात लावले. भिजलेली दोरी लाकडासारखी झाली होती.

"आबा, गाठ सुटत नाहीये!"

"कोनी मारी?"

"मीच."

"आपली गाठ?"

"हो, आपलीच."

"मंग काय सुटी ती?" म्हातारा म्हणाला, आणि खरं सांगतो, मरणाच्या दारात त्याच्या आवाजात कौतुक होतं.

भिंतीचा आवाज आता ऐकू येत होता, दरवाजातून पडणाऱ्या पाण्याचा. तो आवाज मी अजून विसरलेलो नाही. पुढे माझा बाप, बाजूला माझी बायको, दोघांना मी इथं आणलं होतं. सुमनला पोहता येतं, पण त्या ओढीत ती एकटी किती जणांना धरणार, आणि नवऱ्यालाही पोहता येतं या भरवशावर ती बसलेली. माझ्या तोंडातून निघून गेलं, "सुमन, मला पोहता येत नाही. कधीच येत नव्हतं."

सुमन जागची उठली. जाकीट उचललं, माझ्या अंगावर टाकलं.

"माहीत आहे. हे घाला."

मग तिने कांद्याचं फडकं सोडलं, सुरी काढली आणि दोन झटक्यांत दोरी कापली. शीड फडफडलं, होडी झटकन सरळ झाली आणि जागच्या जागी डुलत राहिली. ओढ लागायच्या आत सुमनने तळाचं वल्हं उचललं आणि आम्हाला काठाला नेलं. मी जाकिटाचे पट्टे लावत होतो. (ते काठावर पोहोचल्यावर लागले.)

काठावर आबा पहिलं वाक्य बोलले ते असं, "दोरी नवी व्हती."

मी सुमनला विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवाळीपासून. तेव्हा तुमची सर्दी सुरू व्हायची होती. नदीवर गुडघाभर पाण्यात तुम्ही माझा हात धरून उभे होतात. नखांचे वण महिनाभर होते."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, सांगतील कधीतरी." तिने भाकरी मोडून माझ्या हातात दिली. "सव्वीस वर्षं लावाल असं वाटलं नव्हतं."

मला रडू आलं. मी कांद्यावर ढकललं, पण कांदा अजून कापलाच नव्हता.

वाटलं, आता होडी विकू. पण सुमनला वारं लागलं होतं. घरी पोहोचायच्या आतच ती म्हणाली, "पुढच्या रविवारी परत जाऊ. दोरी मी धरेन." मी शनिवारी संध्याकाळी गुपचूप घरामागच्या कडुलिंबाला होडी बांधून टाकली. आबांची गाठ, एक नाही, सात. सूर्य पश्चिमेला उगवला तरी सुटणार नाहीत अशा. त्या दिवशी मला गाढ झोप लागली.

रविवारी उठलो तर सुमन अंगणात दगडावर सुरीला धार लावत होती.

तेव्हापासून दर रविवारी ती शीड धरते, आबा पुढे बसून केळी मोजतात, आणि मी काठावर जाकीट घालून बसतो. सगळ्यांसाठी कांदे मीच फोडतो. बुक्कीने फोडतो, कारण सुरी होडीत असते.